शरद ते शिशिर : परसबागेचे पालटते रंग

हस्ताचा पाऊस ओसरून आभाळ निवळले, की परसबागेचे रूप झपाट्याने पालटू लागते. पावसाळ्यातील एकसारखा हिरवेपणा मागे पडतो आणि तेरड्याचा गुलाबी, झेंडूचा केशरी, हादग्याचा पांढरा रंग पुढे येतो. मागोमाग शेवंती फुलते, कुंपणाशी कोरांटी उमलते, मिरच्या लाल होतात आणि माघ उजाडेतो देशी बदामाचे पान तांबडे होऊन गळू लागते. आश्विनापासून फाल्गुनापर्यंतच्या या सहा महिन्यांत घरामागील लहानशा तुकड्यात जितके पाहावयास मिळते, तितके वर्षाच्या इतर काळात क्वचितच मिळते.

तरीही पुष्कळ घरी दिवाळी आटोपली, की परसबागेकडे पाठ फिरविली जाते. पाऊस थांबला म्हणजे बाग संपली, अशी समजूत असते. उलट काही घरी पिवळे पान दिसताच रोप उपटले जाते किंवा युरियाची मूठ टाकली जाते. दोन्ही गोष्टींनी नुकसानच होते. परसबागेतील पिवळा रंग कधी आजाराचा असतो, कधी पक्वतेचा, तर कधी केवळ विश्रांतीचा. हा फरक ओळखता आला, तर पाहण्याचा आनंद मिळतो आणि भाजीही हाती लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो शेतकरी कुटुंबास, विशेषतः बाग सांभाळणाऱ्या गृहिणीस, प्रत्यक्ष बागेत उभे राहून दाखवावा.

हिरव्याआड दडलेला रंग

पान हिरवे दिसते ते त्यातील हरितद्रव्यामुळे. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करण्याचे काम हे द्रव्य करते. परंतु त्याच पानात पिवळी व नारिंगी द्रव्येही असतात. हिरव्या रंगाच्या दाटीमुळे ती दिसत नाहीत, एवढेच. पान जुने झाले किंवा झाडास पाण्याची ओढ बसू लागली, म्हणजे झाड त्या पानातील नत्रासारखी अन्नद्रव्ये परत खोडात घेते. हरितद्रव्य मोडते आणि मागे दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. सीताफळाचे पान असेच पिवळे होते. बदामाचे तांबडेपण मात्र निराळे. तो रंग पान गळण्यापूर्वी त्यात नव्याने तयार होतो. थंड देशांतील पानझडीप्रमाणे आपल्याकडे सारे रान एकदम रंगत नाही. येथील पानगळ थंडीपेक्षा कोरडेपणामुळे अधिक होते, म्हणून प्रत्येक झाड आपापल्या वेळी रंग बदलते.

हे दडलेले पिवळे द्रव्य स्वयंपाकघराच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. त्यातील कॅरोटीनपासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते आणि डोळ्यांच्या आरोग्यास ते अत्यावश्यक असते. लाल भोपळा व नारिंगी गाजर यांत ते उघड दिसते. मेथी, पालक व शेवग्याचा पाला यांत ते हिरव्याआड असते. भाजीस थोडे तेल असल्यास ते शरीरात चांगले शोषले जाते. बिटाचा व लाल माठाचा लाल रंग मात्र वेगळ्या द्रव्याचा आहे. माठाच्या पानात कॅरोटीनही असते, पण बिटाच्या कंदास गाजराची जागा घेता येणार नाही. टोमॅटोचा तांबडा रंग समशीतोष्ण हवेत उत्तम भरतो आणि ३० अंशांवरील उष्णतेत नीट उतरत नाही. हिवाळी टोमॅटो रसरशीत लाल आणि उन्हाळी टोमॅटो पिवळट, हा अनुभव त्यामुळेच येतो.

रात्र लांबली की शेवंती

शेवंतीचे रोप जूनमध्ये लावले तरी फुलण्यास कार्तिक-मार्गशीर्ष का उजाडावा लागतो? महाराष्ट्रात जूनअखेर दिवस सुमारे १३ तासांचा असतो, तो डिसेंबरच्या उत्तरार्धात ११ तासांवर येतो. रात्र पुरेशी लांब झाल्यावाचून शेवंती कळी धरीत नाही. दिवसमानाचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर व अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू व इतर पिकांवरील प्रयोगांनी मांडला. लाल पानांच्या तुऱ्याने शोभणारे पॉइन्सेटियाचे झाडही याच जातीचे. वालाच्या पुष्कळ जुन्या वाणांचेही असेच असते. वेल पावसाळाभर नुसता माजतो आणि थंडी आली की जांभळ्या-पांढऱ्या फुलांनी भरून जातो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. अंगणातील किंवा रस्त्यावरील दिवा रात्रभर शेवंतीवर पडत असेल, तर तिला लांब रात्र मिळतच नाही आणि फुले लांबतात. अशा वेळी खत वाढवून उपयोग नाही. कुंडी उचलून अंधाऱ्या कडेस ठेवावी किंवा दिव्याची बाजू आडवी करावी.

झेंडूस रात्रीची अशी सक्त अट नाही. त्याचा हिशेब लागणीच्या तारखेशी आहे. जुलैत लावलेली रोपे दसरा-दिवाळीस फुलतात, तर ऑक्टोबरमध्ये लावलेली रोपे हिवाळ्याच्या उत्तरार्धात रंग टिकवून धरतात. टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेने झेंडूची ओळ लावणे केवळ शोभेचे नाही. फळ पोखरणाऱ्या अळीचे पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतात, त्यामुळे टोमॅटोवरील भार कमी होतो. मात्र अळी लागलेल्या कळ्या वेळीच खुडून नष्ट केल्या पाहिजेत. एरवी झेंडूच अळीचे घर बनतो.

पिवळे पान कशाचे?

प्रथम पान कोणते पिवळे आहे ते पाहावे. खालची जुनी पाने सारखी पिवळी पडत असून शेंडा हिरवा पण खुरटलेला असेल, तर बहुधा नत्र कमी पडले आहे. चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळून हलके पाणी द्यावे. याउलट शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती लोहाची उणीव समजावी. चुनखडीच्या जमिनीत व पाणी साचून राहणाऱ्या वाफ्यात हे अधिक आढळते. आधी पाण्याचा निचरा सुधारावा. तेवढ्याने न भागल्यास एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व त्याच्या निम्मा चुना मिसळून, गाळून, सायंकाळी फवारावे.

भेंडीच्या पानाच्या शिराच पिवळ्या होऊन जाळे दिसू लागले, तर तो हळद्या रोग होय. पांढरी माशी तो पसरविते आणि त्यावर औषध नाही. पहिले रोप दिसताच उपटून पुरावे. दया दाखविल्यास सारा वाफा जातो. पांढऱ्या माशीस पिवळा रंग आकर्षितो. डब्याच्या पत्र्यास पिवळा रंग देऊन त्यावर एरंडेल चोपडून रोपांच्या उंचीवर टांगल्यास माश्या चिकटतात आणि त्यांचा सुगावा लवकर लागतो.

निफाड, जळगाव अशा कडक थंडीच्या भागांत टोमॅटोच्या लहान रोपांच्या पानांची खालची बाजू जांभळी होते. गार जमिनीतून मुळांना स्फुरद उचलता येत नाही, हे त्याचे एक कारण. ऊब आल्यावर नवी पाने हिरवी निघाली, तर काहीही करावयास नको. थंडीची लाट असता सायंकाळी हलके पाणी देणे हिताचे.

हळदीचे पान पिवळे झाले म्हणून पाणी वाढविण्याची चूक फार ठिकाणी होते. लागणीस आठ-नऊ महिने झाल्यावर पाला पिवळा पडून वाळू लागणे ही गड्डे तयार झाल्याची खूण आहे. त्या वेळी पाणी तोडावे, पाला कापून घ्यावा व जमीन वाफशावर आली म्हणजे गड्डे खणावेत. पाणी चालू ठेवल्यास गड्डे कुजण्याचा संभव असतो. सीताफळाचेही तसेच. फळे उतरल्यावर त्याची पानगळ होऊ द्यावी, त्यास या दिवसांत पाणी घालून जागे करू नये. बोगनवेल तर किंचित कोरडी ठेवल्यासच अधिक फुलते. अशा झाडांचे वाचलेले पाणी मेथी, पालक व टोमॅटो यांस मिळते.

पाणी, पाचोळा व बी

भाज्या-धान्य धुतलेले पाणी वाफ्यांत सोडावे. साबणाचे पाणी पालेभाज्यांस देऊ नये. ते कर्दळ व केळीच्या आळ्यात जिरवावे. गळालेली पाने जाळण्याची चाल सोडून द्यावी. त्यांचा दोन-तीन बोटे जाड थर रोपांच्या बुडाशी अंथरला, तर ओलावा टिकतो आणि पुढे त्याचेच खत होते. रोगट पाने मात्र या थरात येऊ देऊ नयेत.

झेंडूचे बी धरावयाचे असल्यास निरोगी झाडावरील टपोरी फुले झाडावरच वाळू द्यावीत, बी सावलीत सुकवावे आणि पुडीवर रंग व महिना लिहून ठेवावा. संकरित वाणाचे बी धरू नये. पुढील वर्षी त्यातून फुले एकसारखी येत नाहीत. शेवंतीचा बहर सरल्यावर जुने दांडे जमिनीलगत कापून बुंध्याशी थोडे खत व बेताचे पाणी द्यावे, म्हणजे बाजूने फुटणाऱ्या काश्या पावसाळी लागणीस उपयोगी पडतील.