वेडा कोण?

बारामती-इंदापुराच्या पेठांतून रूढीविरुद्ध बोलणाऱ्यास वेडा ठरविणे सोपे असते. पण बहुमत म्हणजे शहाणपण नव्हे. आगरकर हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढणारे पुणेकर स्वतःस शहाणेच समजत होते! समाजाच्या रूढ मतांशी न जुळणे हा मनोरोगाचा पुरावा नव्हे, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा स्पष्ट सांगतो. उलट जो खरोखर आजारी आहे, त्यास भूत उतरविण्याच्या मिषाने साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अशा रोग्यास मांत्रिकाची नव्हे, येरवड्याच्या मनोरुग्णालयाची वाट दाखविली पाहिजे. पैच्या फरकासाठी रात्रभर वही तपासणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी वेडेपणाचा शिक्का मारण्यापूर्वीही तितकीच तपासणी करावी. आम्ही विचारतो, वेडा कोण: साखळीत असलेला, की साखळी घालणारा?