नव्या पेठेतील पारख

आमच्या तरुणपणी धान्याचा व्यापार शिकावयाचा म्हणजे पेढीवर जाऊन बसावयाचे, एवढाच त्याचा अभ्यासक्रम होता. बेळगावच्या रविवार पेठेत सकाळी दुकान उघडले की वडीलधारी मंडळी आम्हांस गादीच्या कडेला बसवीत. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून ओल कशी ओळखावी, कोणास किती दिवसांची उधारी द्यावी आणि कोणास गोड बोलून रोखीनेच माल द्यावा, हे सारे कानांवर पडत असे. त्याची फी कोणी मागितली नाही. शेजारचा अडत्या धंद्यातला प्रतिस्पर्धी खरा, तथापि तोही जाता जाता सावधगिरीचा शब्द टाकून जाई.

दोन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाने ज्वारी व नाचणीचे तयार पदार्थ विकण्याचा उद्योग काढावयाचे ठरविले. आम्ही म्हणालो, "चार वर्षे पेढीवर काढ, मग पाहू." तो नम्रपणे म्हणाला, "काका, पेढीवर मला धान्य कळेल. पण पुडीवरचे नाव कोठे नोंदवावे, भागीदाराचा हिस्सा कसा ठरवावा, भांडवल देणाऱ्यास काय लिहून द्यावे, हे मला कोण सांगेल?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर नसले की वडील माणसास राग येतो. तसा तो आम्हांसही आला.

मुलगा एकटाच इंटरनेटवर शोधू लागला. 'उद्यम' नोंदणीसाठी त्याने सरकारीसारख्या दिसणाऱ्या एका संकेतस्थळावर तीन हजार रुपये भरले. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर संपूर्ण मोफत आहे. आधार क्रमांक द्यावा, स्वतःची माहिती भरावी, कागद जोडावा लागत नाही. अस्सल सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असते, एवढे पाहिले असते तरी पुरे होते. अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबरच 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे अस्सलाच्या नावे नक्कल खपविणे, हाही दोष सांगितला आहे. त्याचे हे नवे रूप आमच्याच घरी आले, आणि आमच्या रागाची किंमत मुलाने मोजली. त्या दिवसापासून आम्ही संध्याकाळी त्याच्या शेजारी बसू लागलो.

जे पाहिले, ते व्यापारी बंधूंपुढे ठेवतो. प्रथम सरकारी दालने. १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेल्या 'स्टार्टअप इंडिया' योजनेच्या संकेतस्थळावर नव्या उद्योगास मान्यता मिळविण्यास शुल्क नाही. त्याच योजनेचे 'मार्ग' हे दालन नवोदिताची अनुभवी मार्गदर्शकाशी गाठ घालून देते. आपण योजिलेले नाव आधीच कोणी नोंदविले आहे काय, हे बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येते. व्यापारचिन्हाच्या ऑनलाइन अर्जास एका वर्गासाठी कंपनीस ९,००० रुपये पडतात. उद्यम नोंदणी किंवा स्टार्टअप मान्यता असल्यास ४,५०० रुपये.

दुसरी पेठ परदेशातील आहे. २००५ साली अमेरिकेत स्थापन झालेली 'वाय कॉम्बिनेटर' ही संस्था नव्या कंपन्यांना भांडवल देते. तिची 'स्टार्टअप स्कूल' ही व्याख्यानमाला कोणासही मोफत पाहता येते. संस्थापकांचे हिस्से पहिल्याच दिवशी पुरते देऊ नयेत, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के करावेत, आणि पहिले वर्ष पुरे होण्याआधी जो सोडून जाईल त्यास काही मिळू नये, असा तेथील रिवाज आहे. हे ऐकून मोडलेल्या किती भागीदाऱ्या आमच्या डोळ्यांपुढून गेल्या! तेथेच 'एअरबीएनबी'ची हकिकतही ऐकली. २००८ साली निघालेली ही कंपनी चालेना, तेव्हा तिचे संस्थापक न्यूयॉर्कला जाऊन घरमालकांना दारोदार भेटले आणि त्यांच्या घरांची छायाचित्रे घेऊ लागले. गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर स्वतः जावे, हे तर आमचे वडीलही सांगत.

तिसरी पेठ जवळची. १९९२ साली सिलिकॉन व्हॅलीत भारतीय उपखंडातील उद्योजकांनी स्थापिलेल्या 'टाय' संस्थेची शाखा हुबळीस आहे. 'देशपांडे स्टार्टअप्स' हे केंद्रही तेथेच आहे. आपल्या समाजाच्या 'जितो' संस्थेचाही नवउद्योगांना साह्य करणारा विभाग आहे. पडद्यावरील ओळखीचे रूपांतर प्रत्यक्ष भेटीत करण्यास ही ठिकाणे उपयोगी पडतात.

तथापि पेठ नवी असली तरी पारख जुनीच हवी. पोत्यातून मूठभर दाणे तळहातावर घेतल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. सल्ल्याचेही तसेच करावे. सल्ला देणाऱ्याचा त्यात लाभ कोणता, हे आधी पाहावे. एकाचे मत पुरे मानू नये. अनेकांताची शिकवण येथे व्यवहारातही कामास येते. परदेशी कराराचा नमुना वाचावा, समजून घ्यावा. सही मात्र आपल्या सनदी लेखापालास व वकिलास दाखविल्यावाचून करू नये. आणि पैसे मागणारा घाई करू लागला, तर तेथून उठावे.

शेवटी एक विनंती. या नव्या पेठेत अनोळखी माणसे आपल्या चुका मोकळेपणी सांगतात, आणि आपण मात्र बुडालेली उधारी घरच्या मुलांपासूनही लपवितो. संघाच्या कार्यालयात महिन्यातून एक संध्याकाळ तरुणांसाठी राखून ठेवावी. त्यांनी आम्हांस संकेतस्थळ दाखवावे, आम्ही त्यांस माणूस ओळखावयास शिकवावे. पुतण्याचा माल आता बेळगावातील काही दुकानांत जातो. नफा अजून बेताचाच आहे. परंतु अडचण आली की तो प्रथम आम्हांस विचारतो, आणि उत्तर येत नसेल तर आता आम्ही रागावत नाही. शेजारी बसून शोधतो.