स्वादुपिंडातली गाठ : कापण्यापासून ओळखण्यापर्यंत

जुलै १९५५ मध्ये ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून एका बॉयलर कारखान्यात गेले. बॅबकॉक अँड विल्कॉक्स हे त्या कंपनीचे नाव. धातूतली चीर शोधण्यासाठी तिथे ध्वनिलहरींचे यंत्र होते. ते गाठींवर धरल्यावर भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे उमटले. १९५८ साली डोनाल्ड यांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि सोनोग्राफीची वाट मोकळी झाली. साखर कारखान्यांचे बॉयलर आणि इस्रोच्या रॉकेटांची कवचे घडवणाऱ्या वालचंदनगरला हा इतिहास जवळचा वाटावा. जोड वरून कितीही गुळगुळीत दिसला तरी तो आतून तपासावा लागतो, हे इथल्या कामगाराला वेगळे सांगावे लागत नाही.

आज इंदापूर-बारामती भागात मुतखड्यासाठी सोनोग्राफी करायला गेलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्येही एखादी अनपेक्षित ओळ येऊ शकते : स्वादुपिंडात पाण्याची गाठ. १७ मार्च २०१९ रोजी गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हापासून स्वादुपिंड म्हटले की अनेकांच्या मनात थेट कॅन्सरच येतो. ही भीती समजण्यासारखी आहे. पण या गाठींबद्दलचे ज्ञान कसे वाढत गेले ते पाहिले, तर तिला योग्य जागी ठेवता येते.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवे टेकलेले असते. हाताला लागत नाही, आणि आतड्यातला गॅस मध्ये आला की सोनोग्राफीतही नीट दिसत नाही. म्हणून जुन्या काळी त्यातली गाठ पोट फुगल्यावरच कळे, आणि तेव्हाही ती कशाची हे उमगत नसे. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये बोझमन यांनी अंडाशयाची समजून एका बाईंच्या पोटातली मोठी गाठ काढायला घेतली, ती निघाली स्वादुपिंडाची. त्याच सुमारास प्रागमध्ये गुसेनबावर यांनी अशी गाठ उघडून तिच्या कडा पोटाच्या कातडीला शिवल्या आणि आतला द्रव बाहेर वाहू दिला. १९२० च्या दशकात जेडलिका यांनी गाठीचे तोंड थेट जठराला जोडले.

त्या काळात हाती आलेल्या बहुतेक गाठी खऱ्या अर्थाने गाठी नव्हत्याच. पित्ताशयातल्या खड्यांनी किंवा दारूने स्वादुपिंडाला सूज येते, पाचक रस गळतो आणि भोवतालच्या ऊतींचे वेष्टण घेऊन साचून राहतो. सायकलचे हँडल पोटात घुसलेल्या मुलालाही हे होऊ शकते. अशा साठ्याला आतून स्वतःच्या पेशींचे अस्तर नसते, म्हणून त्याला खोटी गाठ म्हणतात. ती सहा आठवडे टिकली आणि सहा सेंटिमीटरहून मोठी असली, तर ऑपरेशन करायचे, असा नियम पुढे रूढ झाला. १९९० च्या सुमारास रुग्णांचा नीट पाठपुरावा झाला तेव्हा दिसले की त्रास न देणाऱ्या अनेक खोट्या गाठी आपोआप विरतात. थांबणे हाही उपचार आहे, हे शल्यचिकित्सक इथे शिकले.

खरा पेच अस्तर असलेल्या गाठींचा होता. १९७८ साली अमेरिकेत कंपान्यो आणि ऑर्टेल यांनी त्यांचे दोन गट वेगळे मांडले. पातळ पाण्यासारखा द्रव असलेल्या गाठी जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असतात; चिकट, बुळबुळीत द्रवाच्या गाठी पुढे कॅन्सरकडे वळू शकतात. चिकट द्रवाच्या या गाठी मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांमध्ये आढळतात. १९८२ मध्ये जपानच्या ओहाशी यांनी स्वादुपिंडाच्या नळीतच वाढणारा, ती नळी चिकट द्रवाने भरून टाकणारा आजार वर्णिला. तरुण मुलींमध्ये दिसणारी आणखी एक गाठ फ्रान्ट्झ यांनी १९५९ मध्येच नोंदली होती. ती काढल्यावर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. एका नावाखाली इतके वेगवेगळे आजार दडले होते.

मग प्रश्न आला, पोट न उघडता हे ओळखायचे कसे? सीटी आणि एमआरआयने आकार आणि नळीशी असलेला संबंध दाखवला. १९८० मध्ये दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी बसवण्यात आली आणि १९९० च्या दशकात तिच्यातून सुई घालून द्रव काढता येऊ लागला. तो थेंब दोन बोटांत ताणून, पाकाची तार पाहावी तशी तार येते का हे पाहतात. तार आली तर द्रव चिकट. खोट्या गाठीच्या द्रवात अमायलेज हे पाचक विकर भरपूर सापडते. सीईए हे प्रथिन मिलिलिटरमागे १९२ नॅनोग्रॅमच्या वर गेले तर गाठ चिकट द्रवाची समजावी, हा आकडा २००४ च्या ब्रुगे यांच्या अभ्यासातून आला. अलीकडे द्रवातली साखरही मोजतात. चिकट गाठीत ती कमी असते आणि ही तपासणी स्वस्त आहे.

उपचारांचे नियमही सैल होत गेले. २००६ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत नळीच्या फांदीतली गाठ तीन सेंटिमीटरच्या वर गेली की काढण्याकडे कल होता. २०१२ मध्ये नुसत्या आकाराचे वजन कमी झाले. कावीळ, गाठीच्या आतला भरीव कोंब आणि दहा मिलिमीटर किंवा त्याहून रुंद झालेली मुख्य नळी या खुणा महत्त्वाच्या ठरल्या. ताज्या क्योटो नियमावलीनुसार दोन सेंटिमीटरहून लहान, धोक्याची खूण नसलेली आणि पाच वर्षे न बदललेली गाठ असेल, तर तपासण्या थांबवण्याचाही विचार करता येतो. खोट्या गाठीचा द्रव आता दुर्बिणीतून जठरात स्टेंट टाकून काढता येतो. २०१३ मध्ये वरदराजुलू यांच्या चाचणीत दुर्बिणीचे यश शस्त्रक्रियेइतकेच होते आणि रुग्णालयातला मुक्काम सहा दिवसांवरून दोनवर आला होता.

आपल्या भागातही बरेच बदलले आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना पुणे जिल्ह्यात आली आणि २०१९ मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण ही योजना मुख्यतः दाखल करून घ्यायच्या उपचारांसाठी आहे. न कापलेल्या गाठीवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्याचा खर्च आणि पुण्याच्या फेऱ्या घरालाच सोसाव्या लागतात. जी निगराणी आता उपचाराचा कणा झाली आहे, तीच नेमकी आधाराविना राहते.

म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात. रुग्णाने प्रत्येक स्कॅनची फिल्म किंवा सीडी जपून ठेवावी. नुसता रिपोर्ट पुरत नाही, कारण गाठ वाढली की नाही हे जुने चित्र नव्याशेजारी ठेवल्यावरच ठरते. आणि बारामतीच्या महाविद्यालयाने अशा रुग्णांची नोंदवही ठेवून त्यांना ठरलेल्या तारखेला बोलवावे. गाठ कोणती ते ओळखायला वैद्यकाला शंभर वर्षे लागली. ते ज्ञान आपल्या भागातल्या कळंब, रणगाव, जंक्शनच्या माणसापर्यंत पोचायला आणखी एक पिढी जाऊ नये.