बालमृत्यूची नोंद आणि पाळकाचे कर्तव्य

आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू व गोंडी भाषिक शेजारी राहतात. तेथील पाळकास बालकाच्या दफनविधीचे बोलावणे आले व ‘पडून वारले’ एवढेच कारण सांगितले गेले, तर दफन-नोंदवहीत नाव लिहून त्याचे कर्तव्य संपते काय?

१९६२ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, निरनिराळ्या वेळी झालेले अस्थिभंग व पालकांनी सांगितलेली हकीकत यांचा मेळ बसत नसेल, तर मारहाणीचा संशय घ्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम १९४ अन्वये संशयास्पद मृत्यूची चौकशी परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष होते; अहवालात जखमा, अस्थिभंग व वळ यांचे वर्णन येते. शव मातीआड झाल्यावर ही साक्ष दुर्लभ होते. म्हणून संशय असल्यास आधी पोलिसांना कळवावे, मगच दफनविधी करावा.

तथापि नोंद म्हणजे केवळ दोषारोप नव्हे. कारण समजले, तरच पुढील मृत्यू टळतो. विधवांची असहायता जाणूनच फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या घरातील हयात भावंडांची विचारपूस आपण करावी. १०९८ या क्रमांकावर साहाय्य मिळते. हाबेलाविषयी देवाने काइनास जाब विचारला. मुक्या बालकाविषयी तो मंडळीसही विचारील.