लढाऊ विमानांच्या ओतीव प्रतिकृती

लढाऊ विमानांच्या ओतीव प्रतिकृती : युद्धकाळातील लढाऊ विमानांच्या, ठराविक प्रमाणात लहान केलेल्या धातूच्या प्रतिकृती. वितळलेला मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरून त्या तयार करतात. दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) स्पिटफायर, हरिकेन, मेसरश्मिट १०९, मस्टँग इ. विमानांच्या प्रतिकृती संग्राहकांत विशेष प्रिय आहेत.

लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीने ‘डिंकी टॉइज’ या नावाने १९३४ मध्ये विमानांचा संच विक्रीस आणला. तो नागरी विमानांचा होता. लढाऊ विमाने मागाहून आली. ब्रिटनमध्ये १९४० साली लोकवर्गणीतून विमाने बांधण्यासाठी स्पिटफायर निधी उभारण्यात आला. एका विमानासाठी ५,००० पौंड ही रक्कम ठरविण्यात आली होती. त्या वेळी कंपनीने आपल्या छोट्या स्पिटफायरला कडी बसवून ते निधीच्या साहाय्यार्थ विकले. मुलांचे खेळणे अशा रीतीने मोठ्यांच्या छातीवर आले. पुढे युद्धसाहित्यासाठी धातूची निकड वाढल्याने खेळण्यांचे उत्पादन थांबले. कंपनीचा लिव्हरपूलमधील कारखाना १९७९ मध्ये बंद झाला.

सुरुवातीच्या प्रतिकृतींत प्रमाणाची काटेकोर शिस्त नव्हती. आता १:७२ व १:४८ ही प्रमाणे रूढ आहेत. पैकी पहिल्याचा उगम सहा फुटांस एक इंच या इंग्रजी मापात आहे. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११·२३ मी. असल्याने १:७२ प्रमाणात तो सु. १५·६ सेंमी. भरतो. धातू साच्यात सर्वत्र पोहोचावा लागत असल्याने पंखांच्या कडा मुळापेक्षा जाड येतात. चालककक्षाचे आवरण, पंखा, तोफांच्या नळ्या इ. नाजूक भाग बहुधा प्लॅस्टिकचे करतात.

या संग्रहाचा खरा शत्रू धातूतच दडलेला असतो. जस्तात सु. ४% ॲल्युमिनियम मिसळलेला मिश्रधातू या कामी वापरतात. त्यात शिसे, कथिल वा कॅडमियम यांचा अत्यल्प अंश राहिला, तरी धातूच्या कणांच्या सीमांवर संक्षारण सुरू होते. प्रतिकृती फुगते, वाकते, तिला भेगा पडतात व शेवटी तिचा चुरा होतो. महायुद्धापूर्वीच्या अनेक प्रतिकृती अशा नष्ट झाल्या. या विकाराला ‘जस्ताची कीड’ म्हणत असले, तरी तो संसर्गजन्य नाही. दोष मूळ ओतकामातलाच असतो. त्यावर उपाय नाही. उष्णता व दमटपणा टाळल्यास त्याची गती मंदावते इतकेच.

प्रतिकृतीचे मूल्य तिची दुर्मिळता, मूळ रंग व मूळ खोका यांवर ठरते. अलीकडच्या प्रतिकृतींत विशिष्ट वैमानिकाचे विशिष्ट विमान दाखविण्याकडे कल आहे, उदा., डग्लस बेडर यांच्या स्पिटफायरवरील त्यांची आद्याक्षरे. अशा खुणा युद्धकालीन छायाचित्रांशी ताडून पाहणे हा जाणत्या संग्राहकाचा आवडता उद्योग होय. जर्मन विमानांच्या शेपटीवरील नाझी चिन्ह मात्र जर्मनीतील कायद्यामुळे अनेक उत्पादक गाळतात. जुनी प्रतिकृती नव्याने रंगविल्यास ती देखणी दिसते, पण तिची किंमत उतरते.