गोधडीचा काठ टाचणीविना

बाळासाठी गोधडी शिवून देणाऱ्या भगिनींसाठी ही माहिती. काठावर पट्टी दुमडली की तिथे जुन्या लुगड्यांचे बरेच थर एकत्र येतात. टाचणी त्यातून नीट आरपार जात नाही. कापड फुगते, पट्टी सरकते, बोटांना टोचते ते वेगळेच. त्याहून मोठी भीती म्हणजे एखादी टाचणी थरांत राहून जाते आणि वरून दिसत नाही.

यावर सोपा उपाय चिमट्यांचा. शिवणकामाच्या लहान प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात. त्या नसल्यास केसांच्या टिकटॅक क्लिपा किंवा कपडे वाळत घालायचे लहान चिमटेही चालतात. चार-चार बोटांच्या अंतरावर एक चिमटा लावावा आणि कोपऱ्याच्या घडीवर एक जादा. मशीनवर शिवताना चिमटा सुईजवळ येण्याआधी काढावा. गंजलेला चिमटा घेऊ नये, कापडावर डाग पडतो.

चिमटेही नसतील तर आधी कच्चा धावदोरा घालावा. वेळ थोडा जास्त लागतो, पण खर्च फक्त दोऱ्याचा.

टाचण्या वापरल्याच, तर लावताना आणि काढताना मोजाव्यात. एक जरी कमी भरली, तर ती सापडेपर्यंत गोधडी कुणाला देऊ नये.