ग्लासातली पातळी

नायगाव पूर्वेला मालिकांचे सेट लागतात. त्यातल्या एकावर पटकथेच्या कामासाठी गेलो होतो. प्रसंग दारूच्या आहारी गेलेल्या लेखकाचा. कागदावर मी एवढंच लिहिलं होतं: तो पीत बसला आहे. ते कॅमेऱ्यापुढे उभं करायचं काम आर्ट डिपार्टमेंटच्या एका दादांकडे होतं.

त्यांनी कोरा चहा उकळला, दोनदा गाळला आणि गार होऊ दिला. गरम ओतला तर ग्लासावर वाफ धरते, क्लोजअप वाया जातो. मग थोडंथोडं पाणी घालत, ग्लास दिव्यासमोर धरून व्हिस्कीचा रंग जुळवला. बर्फ अ‍ॅक्रिलिकचा, कारण खरा वितळला की रंग फिका पडतो. बाटलीवर खोट्या नावाचं लेबल. ग्लासाच्या मागच्या बाजूला मार्करची बारीक रेघ. दर टेकनंतर दादा वाकायचे आणि रेघेपर्यंत चहा भरायचे. शॉट उलटसुलट क्रमाने घेतले जातात. नटाने कितवा घोट घेतलाय याचा हिशेब तेच ठेवत होते. तो हिशेब चुकला तर प्रसंगच खोटा पडतो.

कादंबरीला ही अडचण नसते. चार्ल्स जॅक्सन यांच्या १९४४ च्या ‘द लॉस्ट वीकेंड’मधला डॉन बर्नम हा लेखक जवळजवळ सगळा स्वतःच्या डोक्यातच पितो. बिली वाइल्डर आणि चार्ल्स ब्रॅकेट यांनी पुढच्याच वर्षी त्याचा चित्रपट केला, तेव्हा त्यांना हे डोकं वस्तूंमध्ये उतरवावं लागलं. खिडकीबाहेर दोरीला लटकवलेली बाटली. छताच्या दिव्यात लपवून मग विसरलेली दुसरी. आणि बारच्या लाकडावर ग्लासाने उठवलेली ओली वर्तुळं: डॉन बारवाल्याला ती पुसू देत नाही आणि वर्तुळं वाढत जातात. किती वेळ गेला, किती पोटात गेली, हे सांगायला एकही संवाद लागत नाही. पटकथा शिकणाऱ्या प्रत्येकाने तो प्रसंग पाहावा, असं मी आग्रहाने सांगतो.

या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. १९४६ च्या पहिल्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार अनेक चित्रपटांत वाटला गेला; त्यात हा होता, तसाच आपल्या चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ही.

गाळलेलंही बरंच आहे. कादंबरीत डॉनच्या मनात कॉलेजातल्या बदनामीचा आणि दडपलेल्या समलैंगिक ओढीचा सल आहे. हॉलिवूडच्या तेव्हाच्या सेन्सॉरपुढे तो टिकला नसता. पडद्यावर उरलं ते फक्त लिहिता न येण्याचं दुःख. त्यामुळे शेवटही सोपा झाला: डॉन सिगरेट ग्लासात टाकतो आणि लिहायचं ठरवतो.

मला तो शेवट पटत नाही. त्याआधी दीड तास त्यांनीच दाखवलेला माणूस इतक्यात सुटणारा नाही. जॅक्सन यांचा डॉन पुन्हा दारू घेऊन अंथरुणात शिरतो. ते चित्रित करायला पलंग, बाटली आणि ग्लास एवढंच पुरलं असतं.